कॅमेऱ्याला टोपी

हॅलो? … हो, मीच. … अगं हो, ठीक आहे. … ठीक आहे म्हणजे ठीक आहे, मशीनसमोर बसलेय. तू एवढ्या धापा का टाकतेस?

जिन्यात? ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलतेस? … बरं बोल. काय दिसतंय तुला?

निळी फुलं. … हो, निळीच आहेत. … नाही, कॅमेरा बिघडला नाही. … अगं जावयांना कशाला फोन करतेस, ते कामात असतील. … ऐक ना. टोपी आहे ती. … टोपी, टोपी. कॅमेऱ्याला टोपी शिवली मी काल संध्याकाळी. तुझ्या त्या उन्हाळी फ्रॉकचं कापड उरलं होतं ना, त्याची. खाली इलॅस्टिक घातलंय. एवढ्याशा गोल डोक्यावर बसवायला कापडाच्या चार कळ्या कापून जोडाव्या लागल्या, सोपं नाही ते. आणि फुलांची बाजू मुद्दाम आत ठेवली. तुला बघायला काहीतरी नको का?

थट्टा नाही करत गं. सांगणारच होते तुला. आजच सांगणार होते, संध्याकाळी, तू घरी पोचल्यावर.

काय? … आवाज? … बोबडा येतोय?

नाही, नाही, नाही. अगं, चक्कर नाही, तोंड वाकडं नाही, दोन्ही हात वर होतायत. हे बघ, केले. … बरोबर, तुला कसे दिसणार, टोपी आहे. … अँब्युलन्स कशाला? ऐक तरी. कवळी काढलीय मी. … कवळी. समोर वाटीत आहे, पाण्यात. … हो, तेवढंच. म्हणून बोबडं.

हस, हस. आधी घाबरायचं, मग हसायचं. बापावर गेलीस अगदी.

बरं, आता पायरीवर बस आणि नीट ऐक. महिन्यानं काढलीय मी ही कवळी दुपारची. हो, महिन्यानं. तुमचा कॅमेरा लागला त्या दिवसापासून काढली नव्हती. हिरड्या सोलून निघाल्या. … कशी काढणार? तू बघत असशील ना. … नसशील बघत, पण बघत असलीस तर? तुझ्या बाबांसमोरसुद्धा मी कधी काढली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला बिनदातांचं बघितलं नाही. आता तुला दाखवू?

… हो, तुला काहीच वाटलं नसतं, मला ठाऊक आहे. तुला वाटायचा प्रश्नच नाहीये बाळा. मला वाटतं.

आणि नुसती कवळी नाही. दुपारी जेवण झालं की मी इथंच जमिनीवर पाठ टेकायचे, पाय मशीनच्या पायडलवर टाकून. कंबर मोकळी होते त्यानं. या महिन्यात एकदाही नाही. म्हटलं, तू बघशील आणि ओरडशील, आई पडली, आई पडली. मग खुर्चीत ताठ बसून राहायचं, फोटो काढायला बसल्यासारखं. मशीनशी बोलायचे मी, तेही बंद. दोरा तुटला की तिला दोन शिव्या दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण आता वाटायचं, आवाज जातोय. मशीनला शिव्या द्यायच्या तर त्या मनातल्या मनात, म्हणजे काय अर्थ आहे?

… काय म्हणालीस? … लपवण्यासारखं काय आहे माझ्याकडे?

काही नाही. अगदी काही नाही. सकाळी उठते, चहा करते, दिवसभर शिवते, बाया येतात, जातात, रात्री झोपते. लपवण्यासारखं असतं तर निदान जरा मजा तरी आली असती.

अगं पण तूच बघ ना. तुझ्या घरी न्हाणीघराला कडी आहे की नाही? … आहे ना? आत काय चोरीचा माल ठेवलाय?

… तेच म्हणतेय. … नाही, मी भांडत नाहीये. मी आज फार खुशीत आहे, उलट. कवळी काढून दोन तास झालेत. पण एक गोष्ट आहे, ती सांगायचा धीर होत नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून नऊ दिवस गप्प राहिले. आता सांगते. मधे बोलू नकोस.

मागच्या मंगळवारी, अकराच्या सुमाराला, तू कॅमेऱ्यातून बोललीस. आठवतं? … 'आई, गोळी घेतलीस का?' … हो, तेव्हाच. मी म्हणाले घेतली, आणि तू गेलीस तुझ्या मीटिंगला. तुझ्यासाठी तेवढंच झालं. मी खोलीत एकटी नव्हते तेव्हा.

एक बाई होत्या. पडद्याआड. ट्रायल चालली होती.

… नाही, ऐक. माझा पडदा सहा फुटांचा, आणि कपाट सात फुटांचं. जावयांनी कॅमेरा ठेवला कपाटावर, म्हणजे सगळी खोली दिसावी. दिसते सगळी. पडद्याच्या आतलीसुद्धा. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. चाळीस वर्षं त्या कोपऱ्यात बायका कपडे बदलतायत, पडदा सरकवला की झालं, अशी सवय. वरून कोणी बघेल हे कुठं सुचतंय. तिला मी सांगितलंही नव्हतं की असं असं बसवलंय. ती चूक माझी. तुझी नाही.

अर्धा ड्रेस तिच्या अंगावर, अर्धा माझ्या हातात, माझ्या तोंडात टाचण्या, आणि वरून तुझा आवाज, गोळी घेतलीस का.

नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती वर बघत राहिली. मग ड्रेस सोडला, अंगावर तसाच कोट चढवला, बटणं लावली, ती पण एक सोडून खालच्या काजात, आणि 'नंतर येते' म्हणून गेली. स्वेटर इथेच राहिला तिचा. अजून खुंटीला आहे. रोज तो बघते आणि मला कसंतरी होतं.

… तू बघितलं नाहीस. ठाऊक आहे मला. तू गोळ्यांच्या डबीकडे बघत असशील, नाहीतर तुझ्या कागदांकडे. पण ते तिला कुठून कळणार? तिला एवढंच कळलं की इथं कोणीतरी बघतंय. ते कोण, किती वेळ, कालपासून की वर्षापासून, काही ठाऊक नाही. तेवढं पुरतं माणसाला.

… रडू नकोस. … मी म्हटलं ना, चूक माझी. … अगं, जिन्यात लोक जात-येत असतील, नाक पूस.

कोण होती? … ते नाही सांगणार.

बँकेतली? … नाही सांगणार म्हटलं ना. … डॉक्टरीण? … हे बघ, मी हो म्हणणार नाही आणि नाहीपण म्हणणार नाही. नाही म्हणत गेले तर एकेक वजा करत तू बरोबर तिच्या दारात जाऊन उभी राहशील. लहानपणापासून तशीच आहेस, खाऊ कुठं ठेवलाय ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचीस.

… ती काय लपवतेय म्हणजे? … काही लपवत नाही. तिनं कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. तिच्या अंगाचं काहीतरी आहे. ते तिला ठाऊक, तिच्या डॉक्टरांना ठाऊक, आणि माझ्या टेपला ठाऊक. मी असं शिवते की रस्त्यानं जाणाऱ्याला कळू नये. आठ वर्षं शिवतेय. आता एवढं तुला सांगितलं तेही जास्तच झालं. पुढे विचारू नकोस.

माझी मापांची वही बघितलीस ना तू? कोणाचं नाव आहे त्यात? … नाही ना. फूल, चांदणी, मासा, छत्री. प्रत्येकीची खूण वेगळी, आणि कोणती कोणाची ते माझ्या डोक्यात. माप घेताना आकडा मी कधी मोठ्यानं बोलत नाही. घेते, लिहिते, पान उलटते. कंबर वाढली तर वाढली म्हणत नाही, कमी झाली तर वा वा करत नाही. कमी का झाली ते आपल्याला काय माहीत? आजारानं झाली असली तर? नव्या शिवणाऱ्या पोरी खोलीभर आकडे ओरडतात, मला ते ऐकवत नाही.

तर तिला शनिवारी तो ड्रेस घालून जायचंय. … कुठं ते विचारू नकोस. पण जायचंच आहे, आणि तिला दुसरीकडून शिवून घेता येणार नाही. दुसरीकडे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं दाखवायचं, सगळं सांगायचं. ती नाही करणार ते. ती जाणारच नाही मग. घरात बसून राहील. ओळखते मी तिला.

म्हणून काल टोपी शिवली. आणि तिच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकून आले. … नाव नाही घातलं पाकिटावर, वेडी आहे का मी. लिहिलं, वर डोळा होता तो झाकलाय, चूक माझी होती, उद्या चारला मी वाट बघते, यायचं नसलं तरी स्वेटर घेऊन जा. … चारला. आज.

आता? … पावणेचार झालेत. … नाही, काही निरोप नाही. येईल की नाही कोण जाणे. ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. मी आपली बसलेय दाराकडे कान लावून, आणि तू फोन केलास.

हो… हो… ऐकतेय.

हं.

ते मला ठाऊक आहे गं. … हो, दोन तास. … हो, मशीन आणि टेबलाच्या मधे. मीच पडले होते ना, मला नाही आठवणार? थंडगार फरशी, आणि फोन वर टेबलावर वाजतोय. तू होतीस फोनवर, तेही कळत होतं. चौदा वेळा वाजला. मोजले मी.

… मग त्या दोन तासांत मला काय वाटलं ते तुला सांगितलं नाही कधी. मरायची भीती नव्हती वाटत. तुझं तिकडे काय होईल, त्याचीच काळजी. … हो. म्हणून तर कॅमेरा लावू दिला मी. मला नको होता, पण तुझा चेहरा बघून हो म्हणाले. एक महिना तुझ्यासाठी ताठ बसले खुर्चीत. कमी नाही ते.

… असं नको बोलूस. 'मग पड आणि मर' असं आईला म्हणतात? … म्हणाली नाहीस, पण म्हणायचं तेच होतं. … बरं, नव्हतं. नव्हतं म्हणायचं. माझंच चुकलं.

ऐक. एक सांगू? कधी सांगितलं नाही तुला. तेरा वर्षं झाली.

तुला नवी नोकरी लागली होती, आणि कोट शिवायला आली होतीस माझ्याकडे. राखाडी. … हो, तोच, मोठ्या कॉलरचा. मी माप घेतलं, आणि कमरेला दीड इंच जास्त भरलं. दीड इंच. आणि मी टेप लावताना तू श्वास आत घेतलास. तू कधी घेत नाहीस, तुला मापाची लाज कधी वाटली नाही. मी वर बघितलं, तू खिडकीबाहेर बघत होतीस.

… हो.

हो, कळलं. तेव्हाच कळलं. तू सांगितलंस त्याच्या तीन आठवडे आधी.

वहीत आकडा लिहिला, पान उलटलं, आणि तुला चहा करून दिला. दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवली शिवणीत, पुढं उसवून मोठा करता यावा म्हणून. तू विचारलंस, एवढं कापड आत कशाला ठेवलं, आणि मी म्हणाले, हल्लीची फॅशन आहे. आठवतं?

… कोणालाच नाही सांगितलं. तुझ्या बाबांना? … छे. त्यांच्या पोटात काही राहायचं का. सगळ्या गल्लीला पेढे—

… काय? … नाही सांगायचं का? अगं, सांगायचं तुझं होतं ते. माझ्या टेपनं आधी ओळखलं म्हणून माझं होत नाही. तुला वेळ हवा होता. पहिल्या वेळचं तुझं तसं झालं होतं, तू धास्तावलेली होतीस, सगळं ठीक आहे असं कळेपर्यंत तुला कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. माझ्यासुद्धा. बरोबर ना?

… मग. लपवण्यासारखं काय होतं त्यात? लग्नाची बायको, घरदार चांगलं, सगळे वाट बघतायत. काहीच नव्हतं. तरी तीन आठवडे तू ते जपलंस, आणि मी तुला जपू दिलं.

रोज दार वाजलं की वाटायचं, आज सांगेल. आणि सांगितलंस तेव्हा मी जी रडले, ते खोटं नव्हतं हो. आनंद अगदी खराच होता. आश्चर्याचं तेवढं जरा ओढून आणलं.

…

आहेस ना? … हॅलो? … आहेस. बरं. घे, वेळ घे. मला घाई नाही.

…

हं. … हो. … हो बाळा. … मला पण.

आमची खारूताई काय म्हणतेय? … खोलीचं दार लावून घेते? … अगं मग, बारा वर्षांची झाली माझी नात. वाजवून जात जा ना. … आत काही करत नसेल. बसलेली असेल नुसती. बसू दे.

आता तुझ्या काळजीचं काय ते बोलू, कारण काळजी खोटी नाहीये तुझी. मी विचार करून ठेवलाय. समोरचा घड्याळवाला आहे ना? … तोच, भिंग लावून बसतो तो. त्याच्याशी बोलले मी काल. सकाळी आठला मी खिडकीचा पडदा उघडते, तो आठला दुकान उघडतो. सव्वाआठपर्यंत माझा पडदा उघडला नाही तर त्यानं यायचं, किल्ली दिलीय त्याच्याकडे. दुपारी दोनला पुन्हा, दारावरची पाटी मी फिरवते, 'बंद' ची 'चालू' करते. फिरली नाही तर यायचं. … चुकेल कसा? घड्याळवाला आहे तो. काल म्हणाला, ताई, तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, आधी ते लावून घ्या. लावून घेतलं.

… हो, तोही बघतोच म्हण. पण तो माझ्या खिडकीकडे बघतो. मी आत पाय वर करून पडलेय की मशीनला शिव्या देतेय, त्याला काय त्याचं.

आणि ते गळ्यातलं बटण, तू दिवाणखान्यात दाखवलं होतंस मोबाइलवर. दाबलं की तुझ्याकडे वाजतं. … हो, मीच नाही म्हणाले होते. फार कुरूप आहे ते. गुरांच्या गळ्यातल्यासारखं. पण आण. मी त्याला छानशी पट्टी शिवीन आणि घालीन. … शप्पथ. आंघोळीलासुद्धा घालीन. मी हाक मारीन तेव्हा तू ये, हातातलं टाकून ये. एवढंच मागते.

… रविवारी आणतेस? आण. खारूताईलाही घेऊन ये, तिचं माप घ्यायचंय. झरझर वाढतेय कार्टी.

चार? … वाजले? … इथल्या घड्याळात चारला एक कमी.

नाही, अजून नाही कोणी. … नाही वाटत. येणार नाही बहुतेक. … नको, तू कशाला माफी मागायला जातेस तिच्याकडे, तुला कुठं माहितेय ती कोण. … मला तेच वाईट वाटतंय बघ, तुझ्या आवाजानं ती—

थांब.

थांब हं. पायरीवर कोणीतरी आहे.

… श्‌श्‌. वाजवत नाहीये. नुसती उभी आहे. काचेतून सावली दिसतेय. … आली गं. आली ती.

थांब, कवळी बसवते. … … झालं. आता कसं, सरळ येतंय ना बोलणं? … हां.

काय? … वायर? … कशाला, टोपी आहे की त्याला. … आवाज? … अरे हो. टोपीतून ऐकू येतं ना तुला. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. … बरी आठवण केलीस. बरी आठवण केलीस, पोरी.

सांग, कुठली काढू? कपाटामागे तीन वायरी आहेत. … पांढरी? … पातळ पांढरी, ओढू? … जावई काही म्हणणार नाहीत ना? … तू बघतेस म्हणतेस. बरं. ओढते हं.

… आली हातात. गेली का तुझी फुलं? … काळं झालं सगळं? … नक्की ना?

बरं. मग आता तूच ठेव फोन. … नाही, तू आधी ठेव. मी ठेवते म्हणते आणि कधीकधी तो तसाच चालू राहतो माझ्याकडून. तू ठेव म्हणजे मला खात्री. … हो, संध्याकाळी करते. … कोण आली ते नाही सांगणार, पण ड्रेस झाला की नाही तेवढं सांगेन.

ठेव. … हो, मीपण. … ठेव आता.

हॅलो?

… हॅलो?

बरं.

या ताई, आत या. कोणी नाही. मी एकटीच आहे.